आकडा २२ चा, पण वारा २२ चा नसतो

प्रश्न थोडक्यात असा. थोरल्या भावाने मुंबईत वापरलेली एक मोठी जर्मन सेदान घेतली आणि गणपतीला ती घेऊन तो वेंगुर्ल्याला आला. एसी ‘ऑटो’वर, आकडा २२. तरी वारा कधी बर्फासारखा, कधी जवळजवळ कोमट. ब्लोअर आपोआप ओरडतो नि आपोआप गप्प होतो. लांज्याच्या पुढे वहिनी म्हणायला लागल्या, माझ्या बाजूला गारवा कमी येतोय. रात्री पावसात समोरची काच धुरकट झाली ती आतून कितीही पुसली तरी जाईना. गावातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून कान लावला आणि सांगितलं, कॉम्प्रेसर लागत नाही, गॅस भरूया. भरायचा का, आणि हे ऑटोमॅटिक प्रकरण नक्की चालतं कसं?

मी कुडाळात गाड्यांच्या एसीचंच काम करतो. त्याआधी नऊ वर्षं मस्कतच्या एका गॅरेजात होतो, तिथे असल्या गाड्या रोज यायच्या. आधी गॅसचं सांगतो: आज तरी भरू नका. तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टींपैकी निदान चार मला बिघाड वाटत नाहीत. गाडी तिचं काम करतेय, ते काम काय आहे हे कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही, एवढंच.

साध्या गाडीच्या एसीत तुम्ही वारा ठरवता. नॉब निळ्याकडे फिरवला की वारा गार, पंखा तीनवर केला की तीनवर. या गाडीत तुम्ही वाऱ्याबद्दल काही सांगतच नाही. तुम्ही सांगता की आतली हवा मला २२ अंशांना हवी. ती तशी आणायला आणि तशीच ठेवायला वारा किती गार सोडायचा, किती जोरात, तोंडावर की पायाशी, हे गाडी ठरवते. भर उन्हात दोन तास उभी राहून तापलेली गाडी आतून पन्नाशी ओलांडते. तिला २२ वर आणायला सुरुवातीला चार-पाच अंशांचा वारा पूर्ण जोरात लागतो. वीस मिनिटांनी आतली हवा २३ झाली की तोच वारा चालू ठेवला तर माणसं कुडकुडतील. म्हणून वारा १४-१५ वर येतो, ब्लोअर मंदावतो. संध्याकाळी शिरवा येऊन गेला की १८ चा वारासुद्धा पुरतो. बर्फाळ वाऱ्याची सवय झालेल्या हाताला तो कोमट लागतो. तुमचा ‘कधी बर्फ, कधी कोमट’ हा एवढाच प्रकार असणार.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, जी मी गिऱ्हाइकाला दर आठवड्याला सांगतो आणि जी कोणालाच पटत नाही. गाडीत बसल्या बसल्या आकडा १६ वर नेला म्हणून गाडी लवकर गार होत नाही. आत ५० असताना २२ मागितले काय नि १६ मागितले काय, यंत्रणा दोन्ही वेळा सगळं उघडूनच पळत असते. फरक पुढे पडतो: २२ वाली २२ ला सावरते, १६ वाली तुम्हाला गारठवते, मग तुम्ही २६ करता, मग उकडतं, मग परत १६. दिवसभर हा खेळ चालतो आणि दोष गाडीला.

आत हिशेब काय चालतो? डॅशबोर्डामागे एक छोटा कंट्रोलर असतो. तो चार गोष्टी सारख्या बघतो: तुम्ही मागितलेला आकडा, आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन. त्यांची बेरीज-वजाबाकी करून तो ठरवतो की या घडीला व्हेंटमधून किती अंशांचा वारा सुटला पाहिजे. उन्हात तापलेल्या गाडीत हे उत्तर शून्याच्याही खाली जातं. तसला वारा देता येत नाही, कंट्रोलरला त्याचा अर्थ ‘जेवढं आहे तेवढं सगळं दे’ असा कळतो. मग तो स्वतःच बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवतो, कारण ३३ ची दमट हवा आत ओढण्यापेक्षा थोडी गार झालेली आतली हवा पुन्हा गार करणं स्वस्त पडतं. ही कल्पना नवी नाही. कॅडिलॅकने १९६४ साली ‘कम्फर्ट कंट्रोल’ नावाने ती विकायला काढली. तेव्हा गाडीत संगणक नव्हता, थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारे सेन्सर होते आणि हवेची वाट बदलणाऱ्या झडपा, म्हणजे फ्लॅप, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढण्याच्या जोरावर) हलायचे. आज व्हॅक्यूमच्या जागी छोट्या मोटरी आल्या, सेन्सर वाढले, पण डोकं तेच आहे.

आता सेन्सर. आपल्याकडे कोकणात यंत्रणा बिघडण्याऐवजी फसते जास्त, आणि ती फसते ती इथेच.

आतलं तापमान मोजणारा सेन्सर डॅशबोर्डावर एका नखाएवढ्या जाळीमागे असतो. नुसता ठेवला तर तो प्लॅस्टिकचं तापमान सांगेल, म्हणून त्याच्यामागे एक इवलासा पंखा किंवा नळी असते, जी केबिनमधली हवा त्याच्यावरून ओढते. त्या जाळीत जांभ्याची तांबडी धूळ बसली की हवा ओढली जात नाही. मग सेन्सर डॅशबोर्डाच्या पोटातली उष्णता मोजत बसतो, गाडीला वाटतं आत अजून ३० आहे, आणि ती माणसं गारठली तरी थांबत नाही. ‘२५ ला ठेवली तरी थंडी वाजते’ अशी तक्रार आली की मी आधी ब्रश घेतो, स्कॅनर नंतर.

उन्हाचा सेन्सर काचेखाली डॅशबोर्डाच्या वरच्या बाजूला, काळ्या बटणासारखा दिसतो. आत फोटोडायोड, म्हणजे उजेड मोजणारा विजेचा भाग असतो. ऊन अंगावर पडलं की हवा तीच असूनही माणसाला जास्त उकडतं, त्याची भरपाई करायला हा ठेवलेला आहे. देवगडच्या एका आंबेवाल्याची गाडी माझ्याकडे तीनदा आली, मे महिन्यात दुपारी गारवा कमी, रात्री एकदम झकास. पहिल्या दोन वेळा मी गॅस तपासला, दाब तपासले, सगळं ठीक. तिसऱ्यांदा दुपारी त्याच्या शेजारी बसून फिरलो तेव्हा दिसलं. त्या बटणावर बरोब्बर गणपतीची पितळी मूर्ती चिकटवलेली आणि तिच्याखाली क्रोशाचा रुमाल. गाडीच्या मते बाहेर कायम मळभ. बाप्पांना चार इंच डावीकडे बसवलं, पैसे घेतले नाहीत. पहिल्या दोन वेळचे परत देण्याइतकी मात्र माझी तयारी नव्हती.

तिसरा सेन्सर बाहेरच्या हवेचा, पुढच्या बंपरच्या मागे, रस्त्याच्या अगदी जवळ. आपल्याकडचे रस्ते, खड्ड्यातलं पाणी आणि किनाऱ्यावरची खारी हवा, तिन्ही त्याच्या नशिबी. मालवणची एक गाडी आली होती, भर मे महिन्यात एसीतून नुसता पंखा. डिस्प्लेवर बाहेरचं तापमान उणे ४०. मालकाने तो आकडा मित्रांना हसायला म्हणून दाखवला होता, पण कारण तिथेच होतं. कपलर, म्हणजे तारेचा जोड, मिठाने खाऊन तार सुटली होती. हे सेन्सर गार होताना त्यांचा रोध (विजेला होणारा अडथळा) वाढतो, त्यामुळे तार तुटली की अमर्याद रोध, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी अमर्याद थंडी. आणि बाहेर बर्फ पडत असताना कॉम्प्रेसर चालवायचा नसतो, म्हणून त्याने तो लावलाच नाही. काही गाड्या अशा वेळी एक ठरावीक आकडा धरून निभावून नेतात, ही नेत नव्हती. त्या माणसाने माझ्याकडे येण्याआधी दोनदा गॅस भरून घेतला होता.

आता कोकणातला खरा मुद्दा. मुंबईचे लोक एसी म्हणजे थंड करण्याचं यंत्र समजतात. आपल्या किनाऱ्यावर ते आधी पाणी पिळण्याचं यंत्र आहे.

श्रावणातली हवा घ्या: २८ अंश, दमटपणा ९० टक्के. अशा एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कूलिंग कॉइलवरून जाताना ती ५ अंशांपर्यंत उतरली तर तिच्यात फक्त ७ ग्रॅम मावतं. उरलेलं १७ ग्रॅम कॉइलवर थेंब होऊन गळतं. वाफेचं पाणी करताना जी उष्णता काढावी लागते ती हवा थंड करायला लागते त्यापेक्षा जास्त भरते, म्हणजे कॉम्प्रेसरची निम्म्याहून अधिक ताकद निव्वळ पिळण्यात गेली. उलट चंद्रपूरकडे मे महिन्यात ४२ अंश असतात, पण दमटपणा १५ टक्के असला तर त्याच घनमीटरात पाणी आठ-नऊ ग्रॅमच. तिथे गाडी थर्मामीटरशी भांडते, इथे ओलाव्याशी. म्हणून वेंगुर्ल्यात २५ वरची कोरडी हवा २२ वरच्या ओल्या हवेपेक्षा सुखाची वाटते. मी स्वतः पावसाळ्यात २५ ठेवतो.

पण पिळायचं तर हवा ५-६ अंशांपर्यंत न्यावी लागते, आणि तेवढा गार वारा तर नको असतो. मग काय करायचं? इथे ही गाडी जे करते ते ऐकून लोक चक्रावतात. ती हवा आधी पूर्ण गार करून कोरडी करते आणि मग त्यातली थोडी हीटर कॉइलवरून नेऊन परत कोमट करते. हीटर आणि एसी एकाच वेळी चालू! ‘हे म्हणजे पाणी आधी गोठवायचं नि मग चुलीवर ठेवायचं,’ असं एका गुरुजींनी मला सुनावलं होतं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ती उष्णता इंजिनाच्या पाण्यातून येते, नाहीतरी रेडिएटरवाटे वायाच जाणारी. इलेक्ट्रिक गाडीत ती फुकट मिळत नाही, तिथे तिची किंमत बॅटरी मोजते. गार आणि गरम हवेचं प्रमाण ठरवणारा एक फ्लॅप असतो, त्याला मोटर. काही जर्मन गाड्यांत फ्लॅपऐवजी हीटरमध्ये जाणाऱ्या गरम पाण्यावरच डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे व्हॉल्व्ह असतात. ‘एसी चालू असताना गरम हवा कशी?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या मिसळण्यात असतं, गॅसमध्ये नसतं.

आता काचेचं. आतून पुसून जाईना, कारण धुकं आत नव्हतंच. २८ अंश आणि ९० टक्के हवेचा दवबिंदू साधारण २६ येतो. म्हणजे २६ पेक्षा गार कुठलीही वस्तू बाहेरून ओली होणार, फ्रीजमधून काढलेल्या सोलकढीच्या तांब्यासारखी. आरशामागे एक सेन्सर बसवलेला असतो, तो आतला ओलावा आणि काचेचं तापमान बघतो. पाच माणसं गाडीत आहेत, प्रत्येक जण श्वासातून आणि अंगातून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी सोडतोय, छत्र्या ओल्या, पायपोस ओले. सेन्सर म्हणतो आता काच आतून धुरकटणार, आणि कोरडा गार वारा काचेवर सोडतो. आतली बाजू लख्ख राहते, पण काच २०-२२ वर उतरते आणि बाहेरची हवा तिच्यावर येऊन बसते. गार देशांत हा प्रकार फारसा होत नाही, म्हणून गाडीच्या पुस्तकात त्याला कुठेतरी एक ओळ मिळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोजचं आहे.

उपाय असा. वायपर मारा, बाहेरचं धुकं बाहेरूनच जातं. आकडा २५-२६ वर न्या आणि वारा काचेवरून काढून तोंडावर-पायाशी घ्या. एसी मात्र बंद करू नका. लोक घाबरून तोच आधी बंद करतात, दोन मिनिटांत काच आतूनही धुरकटते, आणि आंबा घाटासारख्या वळणांवर दोन्हीकडून आंधळं होणं चांगलं नाही. धुकं आत आहे की बाहेर ते बोट फिरवून बघावं. पहिली सवय ही लावून घ्या.

वहिनींचं म्हणणं खरं आहे, पण बिघाड बहुधा नाही. मुंबईहून सकाळी निघालात तर लांजा-राजापूर दुपारनंतर येतं. गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिमेचं ऊन उजव्या हाताला, चालवणाऱ्याच्या मांडीवर. महाग गाड्यांत उन्हाचा सेन्सर दोन भागांचा असतो, कुठल्या बाजूने ऊन येतंय ते त्याला कळतं. तो उजव्या बाजूचा वारा आणखी गार करतो आणि सावलीत बसलेल्या वहिनींचा नाही. परतीच्या प्रवासात सकाळी निघा, ऊन पुन्हा उजव्याच बाजूला येईल, कारण तोंड उत्तरेकडे. म्हणजे वहिनींच्या वाट्याला दोन्हीकडून कमी वारा, पण ऊनही कमी. हे त्यांना पटेलच असं मी म्हणत नाही. ‘सिंक’ बटण दाबलं तर दोन्ही बाजूंचा आकडा एक होतो, उन्हाची भरपाई तरी वेगळीच राहते. त्यापेक्षा त्यांच्या बाजूला दोन अंश कमी करून द्या.

तरी खात्री करून घ्या, कारण डावी-उजवी वेगळी लागण्यामागे खरा बिघाडही असू शकतो. सावलीत गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा, दोन्ही बाजू अगदी खाली, ‘लो’ येईपर्यंत न्या. ‘लो’वर यंत्रणा हिशेब सोडून देते, मिसळ बंद, निव्वळ गार. दहा मिनिटांनी दोन्हीकडचा वारा सारखा गार लागला तर विषय संपला. एक बाजू उघड उघड गरम राहिली तर त्या बाजूचा फ्लॅप किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला. डॅशबोर्डातून टकटक आवाज येत असेल तर फ्लॅपच्या मोटरीचा दातेरी चाकाचा दात गेला. आणि एक बाजू गार, दुसरी अर्धवट गार असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता, कारण कमी गॅस कूलिंग कॉइलच्या एका टोकालाच पुरतो.

तुमच्या मेकॅनिकचा मला राग नाही. तो बरोबर तेच ऐकत होता जे आम्ही सगळे वीस वर्षं ऐकत आलो: कॉम्प्रेसरच्या क्लचचा, म्हणजे फिरत्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाचा ‘टक्’. पण असल्या बऱ्याच गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो. पुली कायम फिरते, आत एक तिरकी तबकडी असते, तिचा तिरपेपणा एक विजेवरचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करतो. तिरपी जास्त तर पिस्टन लांब चालतात आणि गॅस जास्त ढकलला जातो, जवळजवळ सरळ झाली की नुसतं फिरणं. ‘टक्’ येणारच नाही. आणि गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारी घड्याळंही फसवतात, कारण हा कॉम्प्रेसर कमी दाबाची बाजू स्वतःच एका आकड्याजवळ धरून ठेवतो. गॅस थोडा कमी असला तरी काटा ३० पीएसआयच्या आसपास शहाण्यासारखा उभा. खरं कळतं ते मशीनने सगळा गॅस काढून वजन केल्यावर. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर ग्रॅममध्ये वजन आणि गॅसचा प्रकार लिहिलेला असतो. मागे वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या गाड्यांत तो जास्त लागतो. अंदाजाने वरून भरलेला गॅस जास्त झाला तर गारवा उलट कमी होतो आणि दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. नव्या गाड्यांत आर-१३४ए या जुन्या गॅसच्या जागी आर-१२३४वायएफ हा नवा गॅस असतो. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत जुना गॅस चालत नाही, कारण हवामान तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. नवा गॅस महाग आहे, किंचित पेट घेणारा आहे, आणि जुन्यात मिसळायचा नाही. वापरलेली गाडी घेतली आहे, तर स्टिकर आधी वाचा.

महामार्गावर गणपतीच्या गर्दीत माणगावला दोन-दोन तास अडकलात तर आतली हवा फिरवण्याचं बटण हाताने दाबून ठेवू नका. ऑटोवर असताना समोरच्या ट्रकचा धूर हुंगून गाडी बाहेरची झडप स्वतः मिटते आणि परत उघडते. हाताने बंद केलेली झडप बऱ्याच गाड्यांत तशीच राहते. माणसं जांभया देऊ लागतात आणि सगळे म्हणतात, प्रवासाने थकवा आला.

आता एक काम करा. गाडी अर्धा तास चालवून आणा, एसी २२ वर, आणि खळ्यात कोरड्या जागी उभी करून खाली वाका. पुढच्या भागाखाली टपटप स्वच्छ पाणी पडत असेल तर कॉइल गार होतेय, पिळतेय आणि ड्रेन पाइप मोकळा आहे. मग गॅसला हात लावू देऊ नका. पाणी अजिबात पडत नसेल तर वहिनींच्या पायाखालचा गालिचा दाबून बघा. ओला लागला तर पाइपात पाचोळा अडकलाय आणि पाणी आत साचतंय. असल्या गाड्यांत गालिच्याखाली वायरिंग आणि कंट्रोल युनिट असू शकतात, तेव्हा मुंबईला परतण्याआधी तो पाइप साफ करून घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. गालिचा कोरडा आणि खालीही थेंब नाही, असं असेल तरच कुडाळला या. मग मशीन लावून वजन करू.